गुरुजींचं नाव मी सांगितलं

दारू सुटलेल्या माणसांनी लिहिलेलं मी बरंच वाचलं आहे. त्यात शेवटी सगळं छान होतं. बायको पुन्हा हसायला लागते, मुलं गळ्यात पडतात, गावात मान वाढतो. माझी दारू सुटून सतरा महिने झाले आणि बायको अजून मला डबा देताना माझ्याकडे बघत नाही. म्हणून ज्यांना गोड शेवट हवा असेल त्यांनी दुसरं काही वाचावं. मी हे लिहितोय ते ज्यांना दारू सोडायची आहे आणि त्यासाठी चार माणसांची सोबत शोधायची आहे, त्यांच्यासाठी. ती सोबत मला सापडली. मग मी तिचं काय केलं तेही सांगणार आहे.

यातली नावं बदलली आहेत आणि गावंही थोडी इकडची तिकडं केली आहेत. एवढी अक्कल आता आली आहे.

*

मी पूर्णेत एका खाजगी शाळेत लिपिक आहे. दाखले, बोनाफाईड, पगारपत्रक, माझं कुठलंच काम कधी मागं राहिलं नाही. त्यामुळे मला कुणी दारुडा म्हणत नव्हतं. शाळा साडेपाचला सुटायची आणि पावणेसहाला मी स्टेशनच्या पलीकडच्या बाजूला, दारूच्या दुकानात असायचो. दारुडा म्हणजे जो गटारात पडतो तो, अशी माझी पक्की समजूत होती. मी तर घरी चालत यायचो, चप्पल काढून ठेवायचो आणि मग शिव्या द्यायचो.

पायावर सूज आली, डोळे पिवळे झाले, तेव्हा सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, मला परभणीला डॉक्टरकडे नेलं. सोनोग्राफीचा कागद बघून डॉक्टरांनी विचारलं, "किती घेता?"

"कधीमधी. लग्नाकार्यात," मी म्हणालो.

सुनंदा समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "रोज तीन क्वार्टर. रविवारी चार. ऋतुजा वर्षाची होती तेव्हापासून."

डॉक्टरांनी तिचं उत्तर लिहून घेतलं. लिव्हर किती खराब झालं आहे हे ते पुढे पाच मिनिटं सांगत होते, आणि मी मनात एवढाच चडफडत होतो की ही बया इतकी वर्षं मोजत होती. मरणाची गोष्ट चालली होती आणि मला राग कशाचा आला, बघा.

*

वॉर्डात तिसऱ्या दिवशी माझे हात कापायला लागले. सलाईनच्या बाटलीवर मुंग्या चढताहेत असं दिसायला लागलं. मी सुया उपटायला लागलो तेव्हा त्यांनी पट्टीनं माझे दोन्ही हात खाटेला बांधले. मी काय काय बोललो ते मला आठवत नाही. ऋतुजा, माझी मुलगी, तेव्हा बारावीला होती. ती दारापर्यंत आली, तिनं ऐकलं आणि तिथूनच परत गेली, असं मला नंतर शेजारच्या पेशंटनं सांगितलं. तिनं स्वतः त्याबद्दल आजपर्यंत एक अक्षर काढलेलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

वॉर्ड झाडायला एक मावशी यायच्या. झाडू खाली ठेवून त्या रोज माझ्या मनगटाची गाठ जराशी सैल करायच्या आणि म्हणायच्या, "हालू नका बरं, न्हाईतर मला बोलतील." त्या दहा दिवसांत माझ्याशी माणसासारखं वागलेल्या त्या एकट्याच. त्यांचं नाव मी विचारलं नाही.

घरच्यांनी माझ्या आजाराचं नाव कावीळ ठरवलं होतं. पाहुणे आले की सुनंदा सांगायची, "पाणी बाधलं. कावीळ झाली." मग कुणी उसाचा रस आणायचं, कुणी मनुका. दादानं तर कमालच केली. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. गावाकडं शेती बघतो आणि गावातल्या प्रत्येक निवडणुकीत कुणाच्या तरी पाठीशी उभा असतो. त्याला माझी दारू पहिल्यापासून माहीत. तरी मी घरी आलो त्या दिवशी तो कावीळ उतरवणाऱ्या माणसाला गाडीवर बसवून घेऊन आला. त्या माणसानं चुन्याच्या पाण्यानं माझे हात चोळले. पाणी पिवळं झालं.

"बघ, किती निघाली!" दादा सगळ्यांना ते घमेलं दाखवत म्हणाला.

दादाचा माझ्यावर जीव आहे, यात खोट नाही. पण त्याचं जीव लावणं नेहमी चार लोकांच्या देखत चालतं. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

*

घरी सोडताना डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला परभणीतल्या एका गल्लीचं नाव लिहून दिलं, एक मोबाईल नंबर आणि 'रविवार सकाळी ११'. म्हणाले, "दारू सोडलेली माणसं तिथं जमतात. आपापलं सांगतात, दुसऱ्याचं ऐकतात. गोळ्यांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल."

नंबर बंद होता. पहिल्या रविवारी मी पॅसेंजरनं परभणीला गेलो आणि त्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो. दारू कुठं मिळते हे कुणाला विचारावं लागत नाही, पाट्या असतात. पण दारू सोडणारे कुठं जमतात हे विचारायचं कसं? निम्म्या जिल्ह्याच्या पोरांचे दाखले मी लिहिलेले. कोण कुठं ओळखेल सांगता येत नाही. शेवटी पानटपरीवाल्याला विचारलं, "इथं रविवारी एक मंडळ भरतं म्हणे. लोक येतात, आपापली माहिती सांगतात..."

"हां, ते व्हय? जा की वर. दुसरा मजला."

वर गेलो. सतरंजी, खुर्च्या, तीस-चाळीस माणसं. मला वाटलं, बाप रे, एवढे! एका बाईंनी हातात फॉर्म दिला आणि विचारलं, "मुलगा का मुलगी?" तो वधू-वर मेळावा होता. खाली उतरायची लाज वाटली म्हणून मी खुर्चीवर बसून फॉर्म भरायला लागलो. मुलीचं नाव, शिक्षण, उंची. बाई डोकावून म्हणाल्या, "बारावी? लय लवकर आलात." फॉर्मवर शेवटी एक रकाना होता: कुटुंबात व्यसन, आहे किंवा नाही. मी 'नाही'वर खूण केली. दारू सोडायला निघालो होतो आणि वाटेतही खोटंच लिहिलं.

पुढच्या रविवारी मी कुणाला विचारलं नाही. साडेदहापासून गल्लीत उभा राहिलो आणि कोण कुठल्या दारात कसं शिरतं ते बघत राहिलो. धोतर, कपाळाला गंध, खांद्याला कापडी पिशवी, असे एक गृहस्थ एका बंद टायपिंग इन्स्टिट्यूटच्या जिन्यासमोरून पुढे गेले. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले. वाकून चप्पल नीट केली, दोन्हीकडं पाहिलं आणि पटकन जिन्यात शिरले. मी पण दुकानात असाच शिरायचो. मी त्यांच्या मागं गेलो.

*

वर सात माणसं होती. मधोमध सलीमभाई, रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांनी आधी चहा दिला आणि मग कायदे सांगितले. "नाव बोलो, आडनाव नक्को. इथं ऐकलं ते इथंच ठेवायचं. फोटो नक्को. बाहेर दिसलो तर वळख बी नक्को, समोरच्यानं दाखवली तरच दाखवायची."

आडनावाचा कायदा कुणीतरी आमच्या भागाकडं नीट बघून केलेला असावा. आमच्याकडं आडनाव सांगितलं की जात आली, गाव आलं, सोयरे आले, आणि पुढच्या एसटीनं बातमीही पोचली.

मी "माझं नाव उद्धव" म्हणालो आणि अडकलो. 'मी दारुडा आहे' हे पुढचं वाक्य तोंडातून निघायला तीन रविवार लागले. कुणी घाई केली नाही.

ते धोतरवाले गृहस्थ म्हणजे दिगंबर गुरुजी. सोनपेठचे, भिक्षुकी करणारे. तीन वर्षं झाली होती त्यांना सोडून. ते सांगायचे, "पूजा सांगताना हात कापायचे. अक्षता भलतीकडंच पडायच्या. यजमान म्हणायचे, गुरुजींचं वय झालं. मी पंचेचाळीस वर्षांचा! तोंडात सारखी लवंग. बायको सोडून कुणाला पत्ता लागू दिला नाही." प्यायचे ते कुणाला कळलं नव्हतं, म्हणून सोडली तेही कुणाला सांगता आलं नाही. दर रविवारी परभणीत एका यजमानांकडं अभिषेक असतो, असं त्यांनी गावात सांगितलं होतं. त्या पिशवीत खरंच पळी-पंचपात्र असायचं. "लोक म्हणतात, फार भाविक दिसतोय तुमचा यजमान," ते म्हणायचे आणि आम्ही सगळे हसायचो.

मी माझी पावणेसहाची वेळ त्यांना सांगितली, त्या दिवसापासून रोज पावणेसहाला त्यांचा फोन.

"कुठं हायस?"

"स्टेशनजवळ."

"कोणत्या बाजूला?"

"अलीकडच्या."

"मग घरी जा. ठेवतो."

एवढंच. त्यांनी मला एकदाही उपदेश केला नाही. वर्षभरात एक दिवस चुकला नाही. एकदा तर मुंजीच्या मांडवातून फोन केला, मागं सनई वाजत होती. मी पलीकडच्या बाजूला गेलो नाही याचं कारण देव नाही, लिव्हर नाही, बायको-पोरगीही नाही. कारण तो फोन. हे मी सुनंदाला कधी सांगितलं नाही.

*

वर्ष झालं की गटात पेढे वाटतात आणि त्या दिवशी घरच्यांना आणायची मुभा असते. मी सुनंदाला आणि ऋतुजाला घेऊन गेलो. दादाला सांगितलं नव्हतं, पण तो आलाच, हार आणि शाल घेऊन. त्यानं मला शाल पांघरली. गुरुजींनी मला पेढा भरवला. दादानं खिशातून मोबाईल काढला.

"फोटो नक्को, साहेब," सलीमभाई म्हणाले.

दादानं माझ्याकडं बघितलं. अंगावर शाल होती, गळ्यात हार होता. मी म्हणालो, "राहू द्या सलीमभाई, घरचंच माणूस हाय."

गुरुजींनी तोंड फिरवलं, पण फोटोत आले.

जिना उतरताना दादानं विचारलं, "ते महाराज कोण रे? नाव काय त्यांचं?"

मी सांगितलं. आडनावासकट, गावासकट. ते काय करतात, किती वर्षं सोडली, रोज फोन कसा करतात, सगळं. दादानं खोदून विचारलं नाही, एकदाच विचारलं. मी तेव्हा शुद्धीत होतो. एवढा वेदमूर्ती माणूस माझ्यासारख्याला पेढा भरवतो, हे दादाला कळावं असं मला वाटत होतं. आयुष्यभर तो चार लोकांत मिरवला, मलाही एकदा मिरवायचं होतं.

*

गुरुवारी सकाळी पूर्णेत चौकात फलक लागला होता. 'व्यसनाच्या विळख्यातून मुक्त झाल्याबद्दल श्री. उद्धवराव यांचे हार्दिक अभिनंदन!' मी शाल पांघरून पेढा खातोय. खाली ओळीनं शुभेच्छुकांचे वीस फोटो, सगळ्यात मोठा दादाचा. आणि उजव्या कोपऱ्यात: 'मार्गदर्शक व स्वतः चार वर्षांपासून व्यसनमुक्त, वे. मू. दिगंबर गुरुजी', पुढे आडनाव, पुढे सोनपेठ.

सुनंदा बाजारातून पिशवी घेऊन तशीच परत आली. "वर्षभर मी लोकांला कावीळ सांगायलेय," ती म्हणाली, "आणि तुमी चौकात टांगून घेतलंत." ऋतुजा चार दिवस कॉलेजला गेली नाही.

आणि मी? खरं सांगायचं तर मी खूश होतो. दोनदा जाऊन तो फलक बघून आलो. दुसऱ्यांदा जाताना केस विंचरले. मुख्याध्यापकांनी हात मिळवला. गुरुवारी पावणेसहाला फोन आला नाही, तेव्हा मी म्हटलं, असतील कुठंतरी कार्यात. शुक्रवारीही आला नाही. मग तो उजवा कोपरा मला दिसला. दोन दिवस मी फक्त माझाच फोटो बघत होतो.

दादाला फोन केला. तो म्हणाला, "अरे, ज्यानं माझा भाऊ वाचवला त्याचं नाव नको का टाकायला? मी काय वाईट लिहिलंय?" वाईट त्यानं काहीच लिहिलं नव्हतं. शनिवारी मी स्वतः फलक उतरवला. तोवर तो निम्म्या जिल्ह्याच्या मोबाईलवर फिरला होता.

*

सोनपेठला गेलो. दार गुरुजींच्या बायकोनं उघडलं. मी नाव सांगितल्यावर त्यांनी मला आत घेतलं, पण बसा म्हणाल्या नाहीत. गुरुजी ओसरीवर बसले होते. भर लग्नसराईत, सकाळी दहा वाजता, घरी.

"गुरुजी, चुकलं माझं."

"बस," ते म्हणाले.

त्यांच्या बायकोनं दारातूनच सांगितलं, "दोन वास्तुशांती गेल्या. एक मुंज गेली. दुसऱ्याला सांगितलं म्हणून निरोप आले. काल एकजण तर दारात उभं राहून विचारायला होता, आमच्या पोराचं लग्न लावलं तवा गुरुजी पिऊन होते का म्हणून."

"मग?" मी विचारलं.

"मग काय," गुरुजी म्हणाले, "होतो. होतो म्हणून सांगितलं."

"कामून सांगितलं?"

"खोटं बोलायचं सोडलंय ना."

मी म्हणालो, "मी घरोघर जातो गुरुजी. एकेकाला सांगतो."

"काय सांगतोस?"

"चार वर्षं तुमी शिवला न्हाईत म्हणून."

"ते तर लिहिलंय की फलकावर," ते म्हणाले.

ते प्यायचे हे गावाला कळलं, तेच मुळी सोडल्यावर चार वर्षांनी, माझ्या अभिनंदनातून. त्यांनी मला चहा दिला. एक शिवी दिली नाही. मी पिऊन असताना लोकांनी मला इतक्या शिव्या दिल्या, आणि जेव्हा खरंच हव्या होत्या तेव्हा एकही मिळाली नाही.

*

त्यानंतर गुरुजी मीटिंगला आले नाहीत. मी फोन करायचो, ते उचलायचे नाहीत. गटातले आणखी तिघं यायचे बंद झाले. इथं फोटो निघतात, असं त्यांच्या कानावर गेलं होतं. सलीमभाई मला कधी बोलले नाहीत. फक्त कायदे सांगताना 'फोटो नक्को'पाशी थोडं थांबायला लागले. मी दर रविवारी जात राहिलो. मोठेपणा म्हणून नाही. गेलो नाही तर पावणेसहा वाजता मी कुठल्या बाजूला असेन ते मला माहीत होतं.

दादा अजून नाराज आहे. एवढं केलं तरी उद्धवनं आभार मानले नाहीत, असं तो नातेवाइकांत सांगतो.

पाच महिने असे गेले. गेल्या रविवारी अकरा वाजून गेल्यावर जिन्यात पावलं वाजली आणि गुरुजी आत आले. खांद्याला पिशवी नव्हती. दाढी वाढली होती, सदरा चुरगळलेला होता. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती, ते तिथंच येऊन बसले.

त्यांची पाळी आली. ते म्हणाले, "माझं नाव दिगंबर. मी दारुडा आहे. सोडून आज तिसरा दिवस."

सलीमभाईंनी मान खाली घातली. चहाचे कप गोळा झाले, माणसं एकेक करून उतरायला लागली. मी तसाच बसून होतो. उठायचं धैर्य नव्हतं.

गुरुजी माझ्याकडं वळले. "तुझं चालू हाय ना रे?"

"हो गुरुजी."

"मधी घेतली न्हाईस ना?"

"न्हाई."

"बरं झालं," ते म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले, आणि तेच मला सहन झालं नाही.